कास (गाव)

सातारा जिल्ह्यातील डोंगरमाथ्यावरचे एक लहान गाव. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किमी. शहरातून बोगदा ओलांडून यवतेश्वरचा घाट चढला, की रस्ता डोंगराच्या सोंडेवरूनच पुढे जातो. आधी पठार लागते, मग तलाव आणि गावाचा परिसर. तिथून तो बामणोलीकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयापर्यंत, उतरतो. फुलांच्या हंगामात येणारे बहुतेक जण पठारावरूनच माघारी फिरतात. त्यामुळे ‘कासला जाऊन आलो’ म्हणणाऱ्यांपैकी कास गाव पाहिलेले थोडेच.

पठाराची उंची सुमारे १,२०० मी. जांभ्या दगडाच्या सड्यावर (उघड्या, सपाट कातळावर) मातीचा थर जेमतेम, म्हणून माथ्यावर मोठी झाडे नाहीत. ती कडेच्या उतारांवर आणि घळींत. ही सोंड दोन खोऱ्यांमधला जलविभाजक आहे. पूर्वेचे पाणी उरमोडीत उतरते आणि पश्चिमेचे कोयनेत. दोन्ही नद्या शेवटी कृष्णेलाच मिळतात, कोयना मात्र कऱ्हाडपर्यंत लांबचा वळसा घेऊन. उरमोडीचा उगम कासच्याच परिसरात आहे. ब्रिटिश काळात बांधलेल्या कास तलावाचे पाणी साताऱ्याला उताराच्या जोरावर मिळू लागले.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती सहसा ‘कासा’ या झाडाशी जोडली जाते. हे रुद्राक्षाच्या कुळातले सदाहरित झाड (एलिओकार्पस ग्लँड्युलोसस); पांढऱ्या, कडेला झालर कातरल्यासारख्या फुलांचे. ही व्युत्पत्ती पटण्याजोगी आहे, कारण झाडांवरून गावे ओळखण्याची रीत या भागात जुनीच. शेजारच्या कुसुंबीच्या नावात कुसुंब ऐकू येतो, महामार्गावरच्या पाचवडमध्ये वड आहे आणि म्हसवे तर ‘वडाचे म्हसवे’ म्हणूनच ओळखले जाते. जवळच्या कासाणीचे नावही याच शब्दाच्या घरातले दिसते.

दुसरा तर्क कास गवताचा, म्हणजे संस्कृतातील ‘काश’. शरदात पांढरे तुरे मिरवणारे हे गवत खरे नदीकाठचे, वाळूगाळाचे. सड्याच्या पातळ मातीवर त्याचे रान माजेल आणि त्यावरून गावाला नाव पडेल, हे अवघड वाटते. संस्कृतात ‘कासार’ म्हणजे तळे. तलावाकडे पाहून ही व्युत्पत्तीही सुचते. पण तो तलाव बांधीव आणि अलीकडचा, तेव्हा त्याच्यावरून गावाला नाव पडले असे मानण्यापेक्षा गावाचे नाव तलावाला मिळाले, हाच क्रम सरळ वाटतो. मराठीत गाईम्हशीच्या सडांच्या वरच्या दुधाच्या पिशवीलाही कासच म्हणतात. साताऱ्याला पाणी पाजणाऱ्या गावाला हा अर्थ छान शोभतो. व्युत्पत्ती म्हणून मात्र त्याला आधार नाही.

गावाचे नाव असे आधी तलावाला आणि पठाराला चिकटले. पठारावर सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जातींची नोंद आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत महाराष्ट्रातील चार होती: कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास. पहिली तीन अभयारण्ये किंवा राष्ट्रीय उद्याने म्हणून आधीच नावाजलेली; चौथ्याला नाव दिले ते या एवढ्याशा गावाने. आजही ‘कास’ म्हटले की आधी पठार डोळ्यांपुढे येते, आणि गावाचा पत्ता सांगताना ‘कास गाव’ असे जोडून म्हणावे लागते.