सार्वजनिक अधिक्षेत्र आणि डिजिटल काळातील प्रताधिकार

ज्या पुस्तकांवर, चित्रांवर, संगीतरचनांवर किंवा चित्रपटांवर कोणाचाही प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, उरलेला नाही, त्यांचा साठा म्हणजे सार्वजनिक अधिक्षेत्र. रूढ शब्दांत पब्लिक डोमेन. त्यातले काहीही कोणीही छापावे, गावे, भाषांतरित करावे, विकावे. परवानगी लागत नाही, मानधनही द्यावे लागत नाही. बहुतेक कृती मुदत संपल्यावर इथे येतात. कल्पना, वस्तुस्थिती आणि गणिती सूत्रे मात्र मुळातच मुक्त असतात, कारण प्रताधिकार फक्त मांडणीला मिळतो.

ब्रिटनमध्ये १७१० साली अमलात आलेल्या ॲन राणीच्या कायद्याने नव्या पुस्तकाला १४ वर्षांचे संरक्षण दिले. तोवर लेखक हयात असेल, तर आणखी १४. हा हक्क कायमचाच आहे, असा लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांचा दावा होता. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १७७४ मध्ये तो फेटाळला. सार्वजनिक अधिक्षेत्राचा कायदेशीर पाया या निकालातच शोधावा लागतो. प्रताधिकाराविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ साली सुधारणा झाली आणि नोंदणीची अट गेली. त्यामुळे आज लिहिलेला मजकूर किंवा काढलेला फोटो आपोआप संरक्षित होतो, त्याच्या कर्त्याला तशी इच्छा असो वा नसो. सर्वसाधारण मुदत भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, युरोपीय संघात ७०, तर मेक्सिकोत १०० आहे. अमेरिकेने १९९८ मध्ये चालू मुदतींत २० वर्षांची भर घातली. परिणामी तिथे १ जानेवारी २०१९ उजाडेपर्यंत एकही प्रकाशित पुस्तक मुदत संपून मुक्त झाले नाही. मेलेल्या लेखकाला जास्त मुदत देऊन नवे लिखाण होत नाही. तरीही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही वाढ वैध ठरवली.

कागदी पुस्तक वाचताना, उसने देताना किंवा जुन्या बाजारात विकताना त्याची प्रत निघत नाही, त्यामुळे प्रताधिकाराचा वाचकाशी फारसा संबंध येत नसे. संगणकावर फाइल उघडली तरी तिची प्रत तयार होते. छापखान्यांसाठी घडलेला कायदा असा थेट वाचकापर्यंत पोहोचला. त्यात १९९६ च्या जागतिक करारानंतर अनेक देशांनी डिजिटल कुलूप, म्हणजे फाइलची नक्कल रोखणारी तांत्रिक व्यवस्था, तोडणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. मुदत संपली म्हणून कुलूप आपोआप उघडत नाही, ही या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर उणीव आहे.

व्हिडिओंच्या संकेतस्थळांवर प्रताधिकाराचा भंग शोधणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या तपासणी यंत्रणांचा त्रास तर रोजचा झाला आहे. समजा, एखाद्या पियानोवादकाने जर्मन संगीतकार बाखची रचना घरी वाजवून व्हिडिओ अपलोड केला. बाख १७५० साली वारला, त्यामुळे रचना मुक्त. वादन त्याचे स्वतःचे. पण तीच रचना एखाद्या कंपनीनेही ध्वनिमुद्रित केलेली असते आणि त्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो. यंत्रणा दोन्हींचे सूर ताडून पाहते, ते जुळतात, आणि व्हिडिओ अडतो किंवा त्याच्या जाहिरातींचे पैसे कंपनीकडे वळतात. आपण निर्दोष आहोत हे दाखवायची जबाबदारी वादकावर येऊन पडते. खोटा दावा करणाऱ्याला शिक्षा क्वचितच होते, म्हणून असे दावे थांबत नाहीत.

जुन्या चित्रांच्या स्कॅनवरही असाच हक्क सांगितला जातो. मुक्त चित्राच्या हुबेहूब छायाचित्रात स्वतंत्र निर्मिती नसते, असे न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवले. युरोपीय संघानेही २०१९ च्या निर्देशात तेच तत्त्व स्वीकारले. तरी काही संग्रहालये संकेतस्थळाच्या अटींमधून वापरावर बंधने घालतात. याउलट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा विनाअट खुल्या केल्या. लोकांचा ठेवा सांभाळणाऱ्या संस्थेने असेच वागायला हवे.

इंटरनेट सीमा मानत नाही, मुदती मात्र देशागणिक वेगळ्या. मुक्त पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य देणाऱ्या, अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गला याचा फटका बसला. तीन जर्मन लेखकांची १८ पुस्तके अमेरिकेत मुक्त होती, जर्मनीत नव्हती. तिथल्या न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर प्रकल्पाने जर्मनीसाठी आपले सगळेच संकेतस्थळ बंद केले. तडजोड होऊन ते पुन्हा खुले व्हायला २०२१ उजाडले.

मालकच सापडत नाही अशा ‘अनाथ’ कृतींची अडचण आणखी वेगळी: परवानगी मागायची तरी कोणाकडे? मुदत शिल्लक असल्याने ग्रंथालये त्या ऑनलाइन ठेवायला कचरतात आणि तोवर कागदाचा भुगा होतो.

आपली कृती हयातीतच मुक्त करू इच्छिणाऱ्यांसाठी खुले परवाने तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००९ मध्ये सीसी-झिरो हे सर्व हक्क सोडल्याचे जाहीर करण्याचे साधन आणले. फ्रान्ससारख्या देशात लेखकाचे नैतिक हक्क, म्हणजे कृतीला आपले नाव असावे आणि तिची मोडतोड होऊ नये असे हक्क, कायमचे असतात आणि ते सोडता येत नाहीत. म्हणून सीसी-झिरोच्या मजकुरातच अशी तरतूद आहे की, हक्क सोडणे कायद्याला मान्य नसेल, तिथे कायदा परवानगी देईल तेवढा विनामूल्य आणि विनाअट परवाना सर्वांना दिला आहे असे समजावे.