मित्राविना अडलेला पाइन

एखादे परके झाड नव्या भूमीत झपाट्याने पसरू लागले की त्याचे एक ठरलेले कारण सांगितले जाते: त्याच्या किडी आणि रोग मायदेशी राहिले, शत्रू उरला नाही, म्हणून ते मोकाट सुटले. हे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. नुसते बी समुद्रापार नेले की शत्रूंबरोबर झाडाचे मित्रही मागे राहतात, आणि पाइनसारख्या झाडाचे त्यांच्यावाचून काहीच चालत नाही.

पाइनचा हा मित्र म्हणजे त्याच्या मुळांवर राहणारी बुरशी. मूळ आणि बुरशी यांच्या या सहजीवनाला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. पाइनचे एखादे बारीक मूळ हलक्या हाताने धुऊन भिंगाखाली धरले, तर त्याचे शेंडे आखूड, जाडसर आणि पुष्कळदा बेचक्यासारखे दुभंगलेले दिसतात. त्यांवर मूलरोम दिसत नाहीत. त्यांच्या जागी मोजा चढवावा तसे बुरशीचे आवरण असते. या आवरणातले काही तंतू मुळाच्या आत शिरतात, परंतु पेशी भेदत नाहीत. दोन पेशींमधल्या फटीफटींतून वाढत ते एक जाळी विणतात. तिला हार्टिग जाळी म्हणतात. झाडाची साखर बुरशीला आणि बुरशीने गोळा केलेले स्फुरद व नत्र झाडाला मिळते ते याच जाळीत.

झाडाला हे स्फुरद स्वतः का मिळवता येत नाही, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे. मातीतले स्फुरद फॉस्फेटच्या रूपात असते; हे फॉस्फेट मातीच्या कणांना घट्ट चिकटलेले असते आणि पाण्यातून अतिशय हळू सरकते. मुळाने आपल्या लगतचे फॉस्फेट शोषले, की नवे येऊन पोचण्याआधीच मुळाभोवती एक रिता पट्टा तयार होतो. तो ओलांडायचा तर मुळाला सतत लांब वाढत राहावे लागते, आणि मूळ ही महाग वस्तू आहे. बुरशीचा तंतू मात्र अवघा काही मायक्रोमीटर जाडीचा असतो. दंडगोलाचे आकारमान जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे, जाडी दहापट कमी केली तर तेवढ्याच द्रव्यात शंभरपट लांबीचा धागा निघतो आणि त्याचे पृष्ठफळ दहापट भरते. शिवाय असा तंतू मुळाला कधीच शिरता येणार नाही अशा सूक्ष्म छिद्रांत शिरतो. झाडाने बुरशीला दिलेली साखर वाया जात नाही, ती अशी.

या देवघेवीवरून ‘जंगलातली माता-झाडे बुरशीच्या जाळ्यातून आपल्या पिलांना जेवू घालतात’ अशी चित्रे अलीकडे फार रंगवली जातात. प्रत्यक्ष जंगलात त्याला मिळालेला पुरावा तोकडा आहे, आणि मुळाशी चालणारा व्यवहार मुळातच इतका विलक्षण असताना त्याला ममतेचा मुलामा देण्याची गरज नाही.

बहुसंख्य वनस्पतींशी दुसऱ्या एका गटाच्या, म्हणजे आर्बस्क्युलर बुरशा जोडी जमवतात. त्या फारशा चोखंदळ नाहीत आणि जवळजवळ सगळीकडच्या मातीत सापडतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबणाऱ्या परक्या झाडाला जोडीदाराची सहसा अडचण पडत नाही. पाइनचे तसे नाही. त्याच्या कुळाची नैसर्गिक वस्ती जवळजवळ संपूर्णपणे उत्तर गोलार्धात आहे. दक्षिणेकडे पाइनच्या लागवडी सुरू झाल्या तेव्हा अनेक ठिकाणी रोपे खुरटली आणि पिवळी पडली. जुन्या पाइनखालची माती आणून मिसळल्यावर ती तरारली.

अर्जेंटिनातल्या नाहुएल उआपी सरोवरातील व्हिक्टोरिया बेटावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शंभराहून अधिक जातींची परकी झाडे लावली गेली. तरीही लागवडीपासून दूर गेल्यावर पाइनकुळातली झाडे क्वचितच आढळत. मार्टिन नुनेझ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की लागवडीजवळच्या मातीत पाइनकुळाची रोपे जोमाने वाढतात आणि दूरच्या मातीत मागे पडतात, कारण तिथे योग्य बुरशी नसते. त्या बेटावर नोथोफॅगस ही देशी झाडे आहेत आणि त्यांच्या मुळांवरही आवरण घालणारी बुरशी असते; पण ती पाइनच्या कामाची ठरत नाही.

मग ही अडवणूक संपते कशी? वाऱ्यावर उडालेले बी दूर जाऊन पडते, पण बुरशीचे बीजाणूही त्याच ठिकाणी पोचावे लागतात. काही बुरशांची फळे जमिनीखाली तयार होतात. त्या बेटावर बाहेरून आलेली हरणे आणि रानडुकरे ती खातात, आणि त्यांच्या विष्ठेतल्या बीजाणूंपासून पाइनच्या रोपांवर मायकोरायझा तयार होतो, हे प्रयोगांत दिसले आहे. सुइलस या बुरशीची भूछत्रे जमिनीवर उगवतात आणि तिचे असंख्य बीजाणू वाऱ्यानेही पसरतात. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडील पॅटागोनियात उत्तर अमेरिकेतल्या लॉजपोल पाइनच्या फैलावाला सुइलस ल्युटियस ही एकटी बुरशी पुरेशी ठरल्याचे आढळले, आणि ही बुरशी मूळची युरोप-आशियातली आहे. म्हणजे मायदेशी एकमेकांच्या शेजारीही नसलेल्या दोघांची जोडी तिसऱ्याच खंडात जमली.

पाइन तोडून जमीन मोकळी केली तरी यांपैकी काही बुरशांचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. पहिल्या पाइनला जी वाट पाहावी लागली, ती त्या जमिनीवर नंतर पडलेल्या बीला पाहावी लागत नाही.