उशिरा पोचणाऱ्या उजेडाचं मोजमाप

उन्हाळ्याच्या रात्री मराठवाड्यात माळवदावर पडून वर पाहिलं, की स्वातीचा नारिंगी तारा हमखास सापडतो. त्याच्या थोडं उत्तरेला एनजीसी ५५४८ ही सक्रिय दीर्घिका, म्हणजे केंद्र प्रखर चमकणारा ताऱ्यांचा प्रचंड समूह, आहे; सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षं दूर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. तिच्या पोटात काही कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे आणि त्याच्याभोवती तापलेल्या वायूची तबकडी फिरते. ही तबकडी हबल या अवकाश दुर्बिणीलाही ठिपक्यापलीकडे दिसत नाही. तरी तिचा आकार मोजता आला, तो केवळ तिची चमक कशी कमी-जास्त होते यावरून. या विषयातलं हेच मला सर्वांत विलक्षण वाटतं.

तबकडी आत जास्त तापलेली, बाहेर कमी. म्हणून आतून मुख्यतः अतिनील किरण येतात, त्याबाहेरून निळा प्रकाश, आणखी बाहेरून तांबडा. केंद्राजवळ भडका उडाला, की त्याचा उजेड या पट्ट्यांना एकामागून एक गाठतो. जायकवाडीचे दरवाजे उघडले की गोदावरी आधी पैठणला चढते, मग गंगाखेडला, त्यानंतर नांदेडला, तसंच हे. वेग ठाऊक असला की उशिरावरून अंतर निघतं, आणि इथे वेग प्रकाशाचा.

२०१४ मध्ये हबल, स्विफ्ट हा उपग्रह आणि जमिनीवरच्या दुर्बिणींनी या दीर्घिकेवर महिनोन्‌महिने नजर ठेवली. अतिनीलमधले चढ-उतार तांबड्या-अवरक्ताकडे जाईतो दोन-तीन दिवस मागे पडत होते. हिशेब मांडला, तर तबकडी सिद्धान्तापेक्षा जवळपास तिप्पट मोठी निघाली! भोवतालचे वायूचे ढग स्वतःचा उजेड त्यात मिसळत असावेत, हे एक उत्तर; वाद अजून मिटलेला नाही.

कन्या राशीतल्या थ्री सी २७३ या क्वेसारच्या, म्हणजे अतिशय प्रखर सक्रिय दीर्घिकेच्या, केंद्राभोवतीचे वायूचे ढग केंद्रातल्या बदलाला सुमारे ५ महिन्यांनी प्रतिसाद देतात. २०१८ मध्ये चिलीतल्या दुर्बिणींनी अगदी वेगळ्या रीतीने हेच अंतर मोजलं, तेही १५० प्रकाशदिवसांच्या, म्हणजे प्रकाश १५० दिवसांत कापतो तेवढ्या अंतराच्या, आसपास आलं.

ब्लेझार याही सक्रिय दीर्घिकाच, पण त्यांची तऱ्हा वेगळी. त्यांचा कणांचा झोत जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला. जुलै २००६ मध्ये पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे गॅमा किरण काही मिनिटांत दुप्पट झाले. रेडिओ लहरींत मात्र असे भडके अनेकदा आठवड्या-महिन्यांनी उमटतात, कारण झोताच्या मुळाशी इतकी दाटी असते की त्या तिथून सुटतच नाहीत.

औंढा नागनाथजवळ होणारी लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा या महाकाय कृष्णविवरांसाठी नाही; ती कितीतरी लहान कृष्णविवरांच्या टकरी टिपेल. इथे कामाचा आपला ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेला हा उपग्रह एकाच दीर्घिकेचे अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी टिपण्यासाठी बांधला आहे, म्हणजे आधी काय चमकलं आणि मागून काय, हे थेट ताडून पाहता येतं.