फोल्डिंग ट्रेडमिल मागवण्याआधी: माप उघडलेल्या मशीनचं घ्या

"घडी घातल्यावर किती जागा लागते?" ट्रेडमिल घ्यायला येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक आधी हेच विचारतं. घडीचं माप मशीन उभं करून ठेवण्यापुरतं. चालायला लागणारी जागा वेगळी, आणि ती मोजलेली नसली की टेम्पोतून उतरवलेलं मशीन तसंच परत चढवावं लागतं.

घरगुती मशीन उघडल्यावर साधारण १६० ते १८० सेंमी लांब आणि ७० ते ८० सेंमी रुंद होतं. त्याच्या मागे दोन मीटर मोकळं ठेवायचं, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर. तोल गेला तर पट्टा माणसाला मागे फेकतो. तिथे भिंत किंवा कॉट असेल तर माणूस ती आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो. दहा बाय दहाच्या खोलीत एवढी लांबी बसत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. अशा वेळी मशीनची पाठ दाराकडे करा आणि चालताना दार सताड उघडं ठेवा, म्हणजे दारापलीकडची जागाही हिशेबात धरता येते.

उंची तर कोणीच मोजत नाही. पट्टा जमिनीपासून १५ ते २० सेंमी वर असतो. १२० सेंमीच्या पट्ट्याला १० टक्के चढ दिला की पुढचं टोक आणखी १२ सेंमी उचललं जातं. धावताना डोकं वर जातं त्याचे १० सेंमी धरा. १७५ सेंमी उंचीच्या माणसाला २१५ सेंमी तरी हवेत. माळा असेल तर माप तुळईच्या खालून घ्या, दोन तुळयांच्या मधून नको. पंखाही बघा.

खोलीत जमत नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मग पडवीत ठेवू." पडवीच्या जमिनीला पाणी निघून जायला उतार असतो. त्यावर मशीन तिरकं बसतं, पट्टा एका अंगाला सरकत राहतो आणि कड घासून फाटते. "पट्टा सरकला" म्हणून येणाऱ्या फोनांत आम्ही पहिल्यांदा विचारतो ते हेच, की मशीन कुठे ठेवलंय. आधी पायांचे स्क्रू फिरवून मशीन लेव्हलला आणा. मग पट्टा उजवीकडे जात असेल तर मागचा उजवा बोल्ट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, जास्त नाही. पडवीचं छप्पर पुढे उतरतं, तिथे डोकं आपटतं ते निराळंच. शिवाय खारा वारा आणि पावसाळ्यातली झड. ग्रिल लावली तरी दोन्ही आत येतात, बेअरिंग गंजतं, सर्किट बोर्डाच्या पिना हिरव्या पडतात.

म्हणून लांबी, रुंदी, उंची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी ही चार मापं फोटोसह आल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही. काहींना हा अडेलपणा वाटतो. ऑनलाइन मागवलं तर कोणी मापं विचारत नाही, खरं आहे. पण तिथून आलेला खोका बहुतेकदा दारात सोडून जातात. साठ-सत्तर किलोचं मशीन माडीवर चढवणं, लेव्हल करणं, पट्टा बसवणं हे आमच्या किमतीतच धरलेलं असतं.

मोटरच्या बाबतीत खोक्यावरच्या 'पीक' एचपीला, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या कमाल ताकदीला, भुलू नका. ५ एचपी म्हणजे ३,७०० वॉटच्या वर, आणि १६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला मिळतात ३,६८० वॉट, म्हणजे तेवढी ताकद सलग मिळणारच नाही. सलग चालणारी एचपी विचारा. नुसतं चालायला दीड पुरते, रोज धावणाऱ्याने अडीचच्या खाली जाऊ नये. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग हवंच. कातळावरच्या घरांत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा. एक्स्टेंशन बोर्ड नको, घरचा इन्व्हर्टरही नको. विजा चमकू लागल्या की प्लग काढा.

पट्ट्याखाली फक्त सिलिकॉन तेल. खोबरेल घातलं की धूळ धरून चिकट थर होतो. पावसात प्लास्टिकने झाकू नका, आत दमट राहतं. जुनी सुती चादर बरी.

मापांबरोबर घरात मशीन वापरणाऱ्या सर्वांत उंच आणि सर्वांत जड माणसाची उंची आणि वजनही कळवा. त्या वजनाहून निदान २० किलो जास्त पेलणारी मशीनच आम्ही दाखवतो.