शेगडी वेगळी, ऊन वेगळं: कासवाच्या पिल्लाच्या पेटीतले दोन दिवे

"दिवा लावलाय की, चांगला गरम होतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता एकदा सगळं लिहूनच काढते. इथे इंग्लंडमध्ये आमच्या ओळखीतल्या तीन-चार मराठी घरांत मुलांच्या हट्टामुळे कासवाचं पिल्लू आलंय, कुणाकडे हरमन, कुणाकडे हॉर्सफिल्ड, आणि प्रत्येक वेळी आधी पेटीचा फोटो येतो. पेटी सुंदर असते, लाकडी, आत माती, लपायला अर्धी कुंडी, पाण्याची बशी, एका टोकाला बल्ब. मी विचारते यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा दिवा, कुठे आहे, तर त्याच बल्बवर बोट ठेवलेला दुसरा फोटो येतो.

तो बल्ब म्हणजे शेगडी आहे. ऊन अजून पेटीत आलेलंच नाही.

पुढे जाण्याआधी भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट, कारण पुण्या-मुंबईहूनही लोक विचारतात. तुमच्याकडे कुणी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव विकत असेल तर ते घेऊ नका, ते आपलं तारा कासव, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात ठेवता येत नाही, आणि २०१९ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेल्याने परदेशी व्यापारही बंद आहे. घरात कासव असलं की पैसा येतो असं सांगून विकतात, तेव्हा तर अजिबात घेऊ नका. इथे ब्रिटनमध्येही हरमन घेताना विकणाऱ्याकडून आर्टिकल १० चं सर्टिफिकेट, म्हणजे संरक्षित प्राणी विकायचा सरकारी परवाना, घ्यावंच लागतं, त्याशिवाय विक्री बेकायदेशीर. हॉर्सफिल्डला ते लागत नाही. मी पुढे जे लिहितेय ते मुख्यतः या दोन जातींच्या पिल्लांबद्दल, आमच्या घरी हरमन आहेत.

आता गरम दिव्याबद्दल थोडक्यात, कारण हा भाग सगळ्यांना जमतो. पेटीच्या एका टोकाला वरून बल्ब, त्याच्याखाली एक सपाट फरशी, तिथे ३२ ते ३५ डिग्री, दुसऱ्या टोकाला वीस-बावीस, म्हणजे पिल्लू स्वतः हवं तिथे जाऊन बसतं. साधा हॅलोजन फ्लड बल्ब उत्तम, महागडा 'रेप्टाइल' लिहिलेलाच हवा असं काही नाही. रात्री सगळे दिवे बंद, घर अगदी गारठत नसेल तर रात्री ऊब द्यायची गरजच नाही, आणि गारठत असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. रात्रीसाठी लावतात तो लाल बल्ब मात्र फेकून द्या. कासवाला लाल दिसत नाही असं कुणीतरी कधीतरी सांगितलंय आणि ते अजून फिरतंय, कासवाला लाल रंग छान दिसतो, रात्रभर लाल उजेडात ठेवलेलं पिल्लू नीट झोपत नाही. आणि पोटाखाली हीट मॅटही नको, कासव ऊब पाठीवर घेतं, सूर्य वरून तापवतो, खालून नाही.

झालं. ही शेगडी.

आता ऊन. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची, शेक असायचा, धुरी असायची, खोली इतकी उबदार की बाहेरून आलेल्याला घाम फुटावा, तरीसुद्धा आजी बाळाला तेल लावून अंगणात कोवळ्या उन्हात घेऊन बसायचीच ना? शेगडी आहे मग उन्हात कशाला, असं तिला कुणी विचारलं नाही, कारण शेगडी आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला माहीत होतं. (अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हात यूव्हीबी तसं थोडंच असतं, सूर्य वर चढला की ते वाढतं, पण आजीने केलेला फरक बरोबर होता.) नेमका हाच फरक पेटीपाशी आलं की आपण विसरतो, कारण सूर्याकडून आपल्याला उजेड, ऊब आणि अतिनील किरण तिन्ही एकत्र मिळतात आणि मराठीत त्या तिन्हीला मिळून आपण एकच शब्द वापरतो, ऊन. घरात मात्र सूर्य नाही, तिथे ज्याची त्याची वेगळी सोय करावी लागते.

यूव्हीबी म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण. ते दिसत नाहीत आणि त्यांची ऊब लागत नाही, सगळा घोळ इथेच आहे. बल्ब गरम आहे का हे हात धरून कळतं, प्रखर आहे का हे डोळ्याला कळतं, पण यूव्हीबी आहे की नाही हे आपलं कुठलंच इंद्रिय सांगत नाही, म्हणून मग लोक ऊब आणि उजेड बघून अंदाज बांधतात आणि तो अंदाज चुकतोच. साध्या बल्बमधून किंवा हॅलोजनमधून यूव्हीबी जवळजवळ शून्य येतं. खोक्यावर 'डेलाइट' लिहिलं असेल तरी शून्य, 'फुल स्पेक्ट्रम' लिहिलं असेल तरी बहुतेक वेळा शून्य, काच निळसर असेल तरी शून्य, ते सगळं डोळ्याला दिसणाऱ्या रंगाबद्दल आहे. खोक्यावर यूव्हीबी असं स्पष्ट लिहून त्याची ताकद आकड्यात दिली नसेल तर तो उन्हाचा दिवा नाही असंच धरा.

यूव्हीबीने नक्की होतं काय? कासवाच्या कातडीत एक कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ असतो, त्यावर यूव्हीबी पडलं की त्यापासून व्हिटॅमिन डी३ च्या आधीचं रूप तयार होतं. मग त्या रूपाचं खऱ्या डी३ मध्ये रूपांतर व्हायला ऊब लागते, आणि शेवटी यकृत आणि मूत्रपिंडातून जाऊन ते कामाला लागतं, म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषून घेतलं जातं. हे वाचून लक्षात येईल की दोन्ही दिवे लागतात, आणि ते एकाच जागी लागतात! हा मुद्दा मी कितीही वेळा सांगितला तरी लोक यूव्हीबी ट्यूब पेटीच्या थंड टोकाला लावतात, का तर गरम टोकाला जागा नव्हती. पिल्लू ऊब शोधत येतं, यूव्हीबी शोधत नाही, त्यामुळे ते दिवसभर हॅलोजनखाली बसणार आणि ट्यूब दुसऱ्या टोकाला रिकाम्या मातीवर पडणार. जिथे शेगडी तिथेच ऊन पाहिजे, एकाच फरशीवर, वरून, जसा सूर्य असतो तसं. बाकी अर्धी पेटी सावलीत सोडा, म्हणजे पुरे झालं की त्याला बाजूला जाता येतं.

इथल्या लोकांना तर हे पटकन कळायला पाहिजे. इंग्लंडला आल्यावर आपल्यातल्या किती जणांना डॉक्टरांनी डी व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्यायला सांगितल्यात? ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात आपल्या कातडीत डी तयार व्हावं इतकं यूव्हीबीच नसतं, आणि तेव्हा घरात हीटिंग चोवीस तास सुरू असतं. हीटिंग लावून डी मिळत नाही हे आपल्याला स्वतःबद्दल कळतं मग पिल्लाबद्दल का नाही?

आणि खिडकी. "आमची पेटी खिडकीत असते, छान ऊन येतं" हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण साध्या खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी येत नाही. काच ते अडवते. म्हणजे काचेतून येणारं ऊन ही पुन्हा एक शेगडीच, आणि त्यातून पेटी काचेची असेल तर उन्हाळ्यात ती इतकी तापते की पिल्लू अर्ध्या तासात मरू शकतं. त्याच कारणाने ट्यूब काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर बाहेरून ठेवायची नाही, सगळे पैसे पाण्यात, आणि बारीक जाळीवर ठेवलीत तरी बराचसा भाग जाळीच खाते. ट्यूब आत हवी.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. पहिलं पिल्लू घेतलं तेव्हा दुकानातून तयार सेट आणला होता, त्यात सूर्याचं चित्र असलेल्या खोक्यातला एक निळसर बल्ब होता आणि दुकानदाराने हाच पुरे म्हणून सांगितलं. पेटी उबदार, पिल्लू खातंय, मी निर्धास्त. चार महिन्यांनी लक्षात आलं की चालताना ते मागचं अंग उचलत नाही, पोट घासत चालतंय. नवीन पिल्लाचं कवच पहिले काही महिने थोडं लवचिक असतंच म्हणून मी आणखी दोन आठवडे घालवले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं, एक्सरे काढला, हाडं पातळ झालेली. मेटाबॉलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शियम न मिळाल्याने हाडं कमकुवत होण्याचा आजार. तो बल्ब फक्त तापवायचा. पिल्लू वाचलं, पण जबडा किंचित वाकडा राहिला तो राहिलाच.

त्यामुळे कुठला दिवा घ्यावा याबद्दल माझं मत पक्कं आहे. लांब ट्यूब घ्या, टी५ एचओ, म्हणजे बारीक पण जास्त ताकदीची, या दोन जातींच्या कासवांसाठी खोक्यावर १० किंवा १२ टक्के यूव्हीबी लिहिलेली, मागे रिफ्लेक्टर, आणि पेटीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त लांबीची. पिल्लाच्या पाठीपासून अंतर साधारण ३० ते ४० सेंटिमीटर, पण प्रत्येक कंपनी आपल्या ट्यूबचा अंतराचा तक्ता देते तो बघूनच ठरवा, कारण फार लांब गेलं की उपयोग नाही आणि फार जवळ आलं की डोळे जळतात. यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची ताकद, मोजायचं मीटर मिळतं, महाग आहे, आम्ही दोन घरांत मिळून एक घेतलं, बसायच्या फरशीवर साधारण ३ ते ४ आलं की मी खूश असते. ते गोल पिळाचे सीएफएलसारखे यूव्हीबी बल्ब मला पटत नाहीत, त्यांचा मारा एका छोट्या वर्तुळात असतो, पिल्लू चार इंच सरकलं की संपलं. आणि कुठलाही दिवा बाजूने लावू नका. कासवाच्या डोळ्यावर भुवईसारखा कंगोरा असतो, तो वरून येणारं ऊन अडवतो, बाजूने येणारं नाही.

मग मर्क्युरी व्हेपर बल्ब कशाला असतो, असं कुणीतरी विचारणारच, तो एकटाच ऊब आणि यूव्हीबी दोन्ही देतो, खरं आहे. पण तो डिमरवर किंवा थर्मोस्टॅटवर चालत नाही. जास्त गरम झालं म्हणून वर उचलला की यूव्हीबी कमी, यूव्हीबीसाठी खाली आणला की पिल्लू भाजतंय. दोन वेगळे दिवे असले की दोन वेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या लावता येतात, म्हणून लहान पेटीत मी तो कधीच लावणार नाही. मोठ्या कासवाच्या मोठ्या खोलीत ठीक आहे.

"आम्ही डी३ ची पावडर घालतो खाण्यावर, मग ट्यूब कशाला?" हाही प्रश्न येतो. कातडीत डी३ पुरेसं झालं की शरीर पुढचं आपोआप दुसऱ्या निरुपयोगी पदार्थांत वळवतं, उन्हाने डी३ चा अतिरेक होत नाही. तोंडाने दिलेल्याला असा ब्रेक नाही, आणि दहा-पंधरा ग्रॅमच्या जिवाला चिमूट किती द्यायची हे तुम्ही कसं ठरवणार? ट्यूब असेल तर साधं कॅल्शियम आणि कुरतडायला समुद्रफेणीचा तुकडा एवढं बास.

ओलाव्याबद्दल एक परिच्छेद, कारण पाठीवर उंचवटे आले की लोक तेही यूव्हीबीवर ढकलतात. ते मुख्यतः कोरड्या हवेमुळे होतं, व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००३ मध्ये आफ्रिकन स्पर्ड कासवांच्या पिल्लांवर अभ्यास करून हेच दाखवलं, प्रथिनांपेक्षा ओलाव्याचा परिणाम कितीतरी जास्त. हॅलोजन हवा सुकवतो, म्हणून माती पाच-सात सेंटिमीटर खोल घाला, खालची बाजू ओलसर ठेवा, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीपर्यंत, त्याहून जास्त नको. ही जमिनीवरची कासवं आहेत, पोहत नाहीत, लाल कानांच्या पाण्यातल्या कासवांसारखं टबात सोडलं तर बुडतील.

उन्हाळ्यात, हवा वीस डिग्रीच्या वर गेली की, मी आमच्या दोन्ही कासवांना बागेत जाळीच्या पिंजऱ्यात सोडते, अर्धी सावली ठेवून, आणि मॅगपाय पक्षी असतात म्हणून वरूनही जाळी. त्या तासाभरात जे मिळतं ते कुठलीच ट्यूब देत नाही. बाकीच्या दिवसांत दोन्ही दिवे टायमरवर, सकाळी सातला सुरू, संध्याकाळी सातला बंद.

आणि ट्यूब पेटतेय म्हणजे चालू आहे असं समजू नका. उजेड वर्षानुवर्षं येत राहतो, यूव्हीबी मात्र आधीच उतरतं, टी५ साधारण वर्षाने बदलावी लागते, जुन्या जाड टी८ सहा महिन्यांनी. आमच्या ट्यूबच्या टोकाला मी मार्करने बसवल्याची तारीख लिहून ठेवलीय, मार्चमध्ये नवीन आणायची आहे.