उन्हामुळे नाही, कवटीतून झिरपणाऱ्या उजेडामुळे

एप्रिल लागला की शिवडीच्या जेट्टीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "ऊन वाढलं, आता पक्षी चालले." ऊनच कारण असतं, तर कर्ल्यू सॅंडपायपर या चिखलात चरणाऱ्या छोट्या हिवाळी पाहुण्याने मुंबईचा ऑक्टोबर कसा काढला असता? जूनमध्ये उत्तर सैबेरियात अंडी घालायची, म्हणून मार्चपासूनच त्याची राखाडी पिसं जाऊन विटकरी येऊ लागतात, अंगावर चरबी चढते. पक्ष्याच्या शरीरात वर्षाचं घड्याळ असतंच. त्याचे काटे जुळवतो वाढता दिवस. मुंबईत डिसेंबरचा दिवस सुमारे 11 तासांचा, जूनचा सव्वातेरा.

गंमत म्हणजे हा दिवस पक्षी डोळ्यांनी मोजत नाही. 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी आंधळ्या केलेल्या बदकांना जास्त तास उजेड दिला, तरी नरांची वृषणं वाढली. पुढे मायकेल मेनाकर यांनी चिमण्यांच्या टाळूच्या कातडीखाली काळी शाई टोचली. तेव्हा डोळे शाबूत असूनही ती वाढ मंदावली. उजेड पिसं, कातडी, कवटी यांतून झिरपत थेट हायपोथॅलॅमसपर्यंत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भागापर्यंत पोचतो. पुढचे टप्पे जपानी लावा पक्ष्यांमध्ये सापडले. उजाडल्यापासून साधारण 12 तास उलटल्यावरही उजेड मिळाला, की मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या देठाकडच्या पेशी टीएसएच, म्हणजे एरवी थायरॉइडला चालना देणारं हार्मोन सोडतात. हे टीएसएच थायरॉइडकडे न जाता उलट वर हायपोथॅलॅमसमध्ये शिरतं. तिथे टी-4 या थायरॉइडच्या हार्मोनमधला आयोडिनचा एक अणू निघून जास्त प्रभावी टी-3 बनतं, आणि प्रजननाच्या हार्मोन्सची साखळी सुरू होते.

चरबी किती चढली, हे रिंगिंगच्या वेळी, म्हणजे पक्षी धरून पायात कडं घालताना, हातात कळतं. गळ्याखालच्या पिसांवर फुंकर मारायची. इंग्रजी व्ही आकाराच्या हाडाच्या खळग्यात पिवळट चरबी दिसते. तिला 0 ते 8 गुण देतात. नुसत्या वजनावर जाऊ नये. पिसं ओली असली किंवा पोट भरलेलं असलं, तर काटा फसवतो. शिवाय पक्षी मुळातच मोठा असू शकतो, म्हणून पंखाची लांबीही मोजायची.

पाहुणे चरबी साठवत असताना इथली टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालून मोकळी होते. पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. ती रात्री ओरडली की कुणीतरी जाणार, अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं अजून छातीठोक सांगितलं जातं. अहो, कुत्रं अंड्यांपाशी आलंय म्हणून ओरडतेय ती!

कवटीतून उजेड शिरतो, तसा दिव्याचाही शिरतो. जर्मनीत ब्लॅकबर्ड पक्ष्यांना रात्रभर फक्त 0.3 लक्स, म्हणजे लख्ख पौर्णिमेइतका उजेड दिला, तर त्यांचं प्रजननतंत्र जवळजवळ महिनाभर आधी तयार झालं. रस्त्यावरच्या दिव्याखाली याच्या कित्येक पट उजेड असतो.

कर्ल्यू सॅंडपायपरची विटकरी छाती पाहायची असेल, तर एप्रिलच्या अखेरीस भरतीच्या दोन तास आधी शिवडीला पोचा. ओहोटीत पक्षी चिखलात फार लांब असतात. पाणी चढतं तसे काठाकडे सरकतात.