चालता खर्ज

नागपूरच्या सदरमधल्या माझ्या खोलीत बेस गिटार शिकायला येणारी मुलं पहिल्या दिवशी एकच विचारतात, "सर, यावर गाणं कसं वाजवायचं?" प्रश्न साहजिक आहे. आपला कान चालीवर वाढलेला, आणि बेसचं काम चालीच्या खाली जाड सुरांचा आधार धरायचं. ते काम या वाद्याकडे कसं आलं हे कळलं, की शिकणं बरंच सोपं होतं.

आधी हे काम डबल बेस करायचा. माणसाएवढं उंच, उभं धरायचं, बिनपडद्याचं (सुरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या नसलेलं) वाद्य. दौऱ्यावर न्यायला जिकिरीचं, आणि ड्रम्स, ट्रम्पेटच्या गजरात त्याचा आवाज बुडून जायचा. १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी गिटारसारखा आडवा धरायचा, विजेवरचा बेस बनवला, पण तो फारसा चालला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' आणला. नावातच त्याचं वैशिष्ट्य आहे: पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो. तारा मात्र डबल बेससारख्याच मिळवायच्या, ई, ए, डी, जी या पाश्चात्त्य सुरांत. शेजारच्या दोन तारांत सा ते शुद्ध मध्यम एवढं अंतर. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. मोबाइलच्या स्पीकरवर हा सूर जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन आणल्याशिवाय मी पहिला धडा देत नाही.

बेसलाइन, म्हणजे गाण्यातली बेसची सुरावट, ऐकण्यासारखी कुणी केली, तर मी आधी जेम्स जेमर्सन यांचं नाव घेईन. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ते उजव्या हाताच्या एका तर्जनीने तारा छेडायचे. कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) मुख्य सुरावर ठाण मांडून न बसता ते मधले सूर घेत फिरायचे, गाणाऱ्याशी बोलल्यासारखे. त्या रेकॉर्डवर वादकांची नावंच नसत. गायक मार्विन गे यांच्या १९७१च्या अल्बमवर जेमर्सन यांचं नाव छापलं गेलं, तोवर त्यांची कितीतरी गाणी जगभर वाजून झाली होती. मला हे अजून बोचतं.

आपल्याकडे आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवायचे. ती गाणी रेडिओवरून घरोघरी आली आणि गणपतीच्या मांडवात ऑर्केस्ट्रावाल्यांना वाजवावीच लागली. मी धरमपेठेत लहानपणी ऐकलेल्या ऑर्केस्ट्रात वेगळा बेसवाला नसायचा, कीबोर्डवाल्याचा डावा हात तेवढं सांभाळून घ्यायचा. बेस नावाचं वाद्य असतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

खर्ज मात्र आम्हाला ठाऊक होता. तंबोऱ्याचा खर्ज गाणं संपेपर्यंत सा सोडत नाही, बेसचा खर्ज कॉर्डबरोबर जागा बदलतो. गाणं शिकलेली मुलं नेमकी इथेच अडतात. अशाच एका मुलीला मी सा धरून ठेवायला सांगितलं. खाली मी आधी सा वाजवला, मग मध्यम, मग शुद्ध धैवत. तिचा सूर तसूभर हलला नाही, पण दर वेळी त्याचा रंग पालटला. ती थांबून म्हणाली, "सर, माझा सा बदलला का?"

पुढच्या आठवड्यात ती सा वरून मध्यमाकडे जाताना मधे रे, ग घालून आली, आणि मध्यम बरोबर समेवर पडला.